दुखरी मान आणि फिजिओथेरपी : काय मागावं, काय टाळावं

मान दुखते म्हणून फिजिओथेरपीला निघालेला माणूस घरी सांगून जातो, "जरा करंट घेऊन येतो." कुणी शेक घ्यायला जातं, कुणी वजन लावायला. चार-पाच दिवस मशीनखाली पडून राहायचं, मान हलकी वाटली की जाणं बंद करायचं आणि दोन महिन्यांनी पुन्हा तीच मान घेऊन त्याच बाकावर बसायचं. अकलूज हे दवाखान्यांचं गाव आहे. माळशिरस तालुक्यातलेच नव्हे, तर माढ्याकडचे आणि नीरा ओलांडून इंदापूरकडचे लोकही इथे उपचाराला येतात. एवढी सोय हाताशी असूनही मानेचं दुखणं पुन्हा पुन्हा फिरून येतं, कारण आपण फिजिओथेरपीतला लहान भाग घेतो आणि मोठा भाग दवाखान्यातच ठेवून येतो. मोठा भाग म्हणजे व्यायाम. तो शिकवणं हे फिजिओथेरपिस्टचं मुख्य काम आणि तो मागून घेणं हा पेशंटचा हक्क.

आधी मानेबद्दल थोडं. मानेत सात मणके, त्यांच्यामध्ये लवचिक चकत्या म्हणजे डिस्क, बाजूंनी हातांकडे जाणाऱ्या नसा आणि या सगळ्याला धरून ठेवणारे स्नायूंचे थर. डोक्याचं वजन साडेचार ते पाच किलोच्या आसपास असतं. डोकं खांद्यांच्या वर नीट तोललेलं असेल तर हा भार मणके आणि स्नायू वाटून घेतात; डोकं पुढे झुकलं की मागच्या स्नायूंवर ताण वाढत जातो. न्यूयॉर्कच्या एका मणक्याच्या सर्जनने २०१४ साली गणित मांडलं होतं, की मान साठ अंश खाली झुकवली तर मणक्यावर सुमारे सत्तावीस किलोइतका जोर येतो. मोबाइलवर वाकलेल्या मुलांच्या चित्रासोबत हा आकडा जगभर फिरला. तो संगणकावरच्या प्रतिकृतीतून काढलेला अंदाज आहे, त्यामुळे मोबाइल पाहिल्याने मणका मोडेल असं घाबरण्याचं कारण नाही. तासन् तास एकाच स्थितीत राहणं मात्र मानेला खरोखरच मानवत नाही, मग हातात मोबाइल असो, शिवणयंत्र असो की उत्तरपत्रिकांचा गठ्ठा.

दुसरी भीती एक्स-रेची. "मणक्यात गॅप आलाय", "गादी सरकली", "स्पॉन्डिलायटिस झालाय" ही वाक्यं ऐकून माणूस मान हलवायचीच सोडून देतो. २०१५ साली जपानमधला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. मानेची कसलीही तक्रार नसलेल्या १,२११ निरोगी माणसांचे एमआरआय त्यात काढले होते. त्यातल्या ८७ टक्क्यांहून अधिक लोकांच्या मानेतली डिस्क फुगलेली दिसली, आणि यात विशीतले तरुणही होते. वयाबरोबर केस पिकतात तशी मणक्यांची झीजही होते. फोटोत झीज दिसली म्हणजे दुखण्याचं कारण सापडलंच असं नाही आणि झीज आहे म्हणून दुखणं कायमचं असंही नाही. बहुतेक मानदुखी स्नायू, सांधे आणि वापराच्या सवयींमधून येते, आणि तिला हालचालीने उतार पडतो.

काही मानदुखी मात्र फिजिओथेरपीची नसते. ती ओळखता आली पाहिजे, म्हणून हा परिच्छेद घरात मोठ्याने वाचा. मानेबरोबर हाताची पकड ढिली पडली, शर्टाची बटणं लावताना बोटं चुकू लागली, चालताना तोल जाऊ लागला, पाय जड पडू लागले किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटला, तर मज्जारज्जूवर दाब असू शकतो. अशा वेळी मशीन लावत बसू नका, त्याच दिवशी अस्थिरोग किंवा मेंदू-मणका तज्ज्ञाकडे जा. संध्याकाळी बारीक ताप, घटतं वजन आणि रात्री झोपेतून उठवणारी मानदुखी असेल तर मणक्याचा क्षयरोग किंवा गाठ नाही ना, हे तपासावं लागतं. आपल्याकडे मणक्याचा टीबी दुर्मीळ नाही. ताप, तीव्र डोकेदुखी आणि हनुवटी छातीला टेकत नाही इतकी ताठ मान हे मेंदूज्वराचं लक्षण असू शकतं. मान, जबडा, डावा हात आणि छाती एकदम भरून आली, घाम फुटला, तर आधी ईसीजी. गाडीवरून किंवा झाडावरून पडल्यावर दुखणाऱ्या मानेला एक्स-रे होईपर्यंत कुणी हात लावू नये. बोलताना जीभ अडखळणं, एकाचं दोन दिसणं, चेहऱ्याची एक बाजू बधिर होणं यातलं काहीही मानेच्या कळीबरोबर अचानक आलं, तर ती पक्षाघाताची वेळ समजून रुग्णालय गाठा.

यातलं काही नसेल तर फिजिओथेरपी हा पहिल्या पसंतीचा उपचार आहे.

पहिल्या भेटीत काय व्हायला हवं? बोलणं आणि तपासणी. दुखणं केव्हा सुरू झालं, कशाने वाढतं, हातात उतरतं का, मुंग्या कोणत्या बोटांत येतात, दिवसभर काम काय करता, झोपता कसे, हे विचारलं पाहिजे. मग मान सहा दिशांना कुठवर जाते ते पाहणं, हातांची ताकद आणि संवेदना तपासणं, कोपराजवळ छोट्या हातोडीने प्रतिक्षेप पाहणं, खांदा वेगळा तपासणं. खांद्याचं दुखणं मानेत आणि मानेचं खांद्यात जाणवतं, ही गफलत नेहमीची आहे. या सगळ्याला अर्धा तास लागतो. हे काहीच न करता चिठ्ठी पाहून थेट मशीन लावलं गेलं, तर मला तो उपचार वाटत नाही.

मशीनबद्दल मात्र नीट समजून घेऊ, कारण ती निरुपयोगी नाहीत. टेन्स आणि आयएफटी म्हणजे आपला 'करंट'. त्वचेवर पॅड लावून सौम्य विद्युतस्पंदनं सोडली जातात. १९६५ साली मेल्झॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी मांडलं, की मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशांना अडवणारी एक यंत्रणा असते आणि स्पर्शाच्या, कंपनाच्या संदेशांनी तिचं दार लोटता येतं. ठेच लागल्यावर आपण बोट चोळतो ते त्यामुळेच बरं वाटतं, आणि टेन्सची कल्पनाही तिथूनच आली. परिणाम काही तास टिकतो. त्या काही तासांत मान हलवून, व्यायाम करून घ्यायचा असतो. अल्ट्रासाउंडचा मानेच्या जुनाट दुखण्यात स्वतंत्र फायदा सिद्ध करणारा पुरावा तोकडा आहे. कुणी फक्त त्याचीच दहा दिवसांची पट्टी लिहून दिली, तर पुढे काय करणार हे जरूर विचारा.

शेकाने आखडलेले स्नायू सैल होतात. पंधरा ते वीस मिनिटं, सोसवेल एवढाच. मधुमेहाने त्वचेची जाणीव कमी झालेल्या माणसाला मात्र गरम पिशवीने भाजतं आणि ते त्याला कळतही नाही. त्याच्या शेकाची ऊब घरातल्या दुसऱ्याने आपल्या हातावर पाहून मगच लावावी. हृदयात पेसमेकर असेल किंवा बाई गरोदर असेल, तर मशीन लावण्याआधी ते सांगायलाच हवं.

वजन लावणं म्हणजे ट्रॅक्शन. नस दबून हातात कळ उतरत असेल तेव्हा ते काही जणांना चांगलं लागू पडतं, विशेषतः व्यायामाच्या जोडीने. नुसती मान आखडली असेल तर त्याची गरज नसते. संधिवात, ठिसूळ हाडं, मणक्याचा टीबी किंवा मार लागलेला असेल तर ते धोक्याचं ठरतं. म्हणून दुकानातून आणलेला पट्टा दाराला टांगून घरच्या घरी विटा किंवा पाण्याची बाटली लटकवू नका. कॉलरचंही तसंच. ताज्या, तीव्र दुखण्यात दोन-चार दिवस किंवा खड्ड्यांच्या रस्त्यावरच्या एसटी प्रवासात ती आधार देते. महिनोन् महिने घातली तर मानेचे स्नायू दुबळे होतात आणि मग कॉलरशिवाय करमत नाही.

आता हातांचा उपचार. प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट मणक्यांचे सांधे हळुवार, ठरावीक लयीत हलवतो. ऑस्ट्रेलियाचे मेटलंड आणि न्यूझीलंडचे मुलिगन यांच्या पद्धती आपल्याकडच्या महाविद्यालयांतही शिकवल्या जातात. यात झटका नसतो, 'कट्' असा आवाज काढण्याची चढाओढ नसते, आणि पेशंटला केव्हाही "थांबा" म्हणता येतं. मानेची हालचाल लगेच मोकळी होते आणि व्यायाम करणं सोपं जातं.

याच्या अगदी उलट म्हणजे दाढी-कटिंगनंतर खुर्चीत बसल्या बसल्या मान फटकन वळवून घेणं. हे कृपा करून बंद करा. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांमधल्या छिद्रांतून वर जातात. झटक्याने त्यांचं आतलं अस्तर फाटू शकतं. कर्नाटकात बल्लारीच्या एका तिशीतल्या तरुणाला सलूनमध्ये असा झटका दिल्यानंतर पक्षाघात झाल्याची बातमी २०२४ साली आली होती. त्याआधी २०१७ साली दिल्लीकडच्या एका माणसाला अशाच प्रकारानंतर श्वासपटलाच्या नसेला इजा झाली आणि श्वास घेणं अवघड झालं. गल्लीतला केशकर्तनालयवाला कितीही जिव्हाळ्याचा असला तरी "मान नको" एवढं त्याला सांगता आलं पाहिजे. मान 'बसवून' देणाऱ्या जाणत्या माणसांनाही तेच सांगावं.

आणि आता तो भाग, ज्याच्यासाठी हा लेख लिहिला.

मान दुखली की मानेच्या पुढच्या बाजूचे, मणक्यांना चिकटून असलेले खोल स्नायू आपलं काम कमी करतात आणि वरचे मोठे स्नायू जादा राबतात. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड विद्यापीठात ग्वेंडोलेन जुल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर अनेक वर्षं संशोधन केलं. त्यातून निघालेली सर्वांत उपयोगी गोष्ट ही, की दुखणं थांबलं म्हणून ते खोल स्नायू आपोआप पूर्ववत होतात असं नाही. त्यांना मुद्दाम कामाला लावावं लागतं. पाचव्या दिवशी बरं वाटलं म्हणून जाणं बंद करणाऱ्यांची मान दोन महिन्यांनी का धरते, याचं मोठं कारण इथे आहे.

हा व्यायाम दिसायला अगदी साधा आहे. पाठीवर झोपा, डोक्याखाली टॉवेलची पातळ घडी ठेवा. डोकं न उचलता, कुणाला हळूच "हो" म्हणावं तशी हनुवटी किंचित खाली घ्या. मानेच्या पुढच्या बाजूला दोन बोटं ठेवून पाहा. तिथले दोरीसारखे मोठे स्नायू मऊच राहिले पाहिजेत. ते टणक झाले तर जोर जास्त लागतोय. पाच ते दहा सेकंद धरा, सोडा, असं दहा वेळा. सकाळ-संध्याकाळ.

बसून करायचा याचा भाऊ म्हणजे नजर समोर ठेवून हनुवटी सरळ मागे नेणं, मान वर-खाली न करता. दुकानात गल्ल्यावर, बँकेच्या काउंटरवर, शाळेच्या तासांमध्ये दर अर्ध्या-पाऊण तासाने पाच-सहा वेळा केला तरी पुरे. त्याच्याबरोबर खांद्याची दोन्ही पाती मागे आणि खाली ओढून पाच सेकंद धरायची. पाती सैल पडली की त्यांचा सगळा भार मानेला लटकतो, म्हणून मानेच्या उपचारात खांद्याचे व्यायाम येतात. फिजिओथेरपिस्टने ते सांगितले तर "माझी तर मान दुखतेय" असं म्हणू नका.

मग तळहाताचा रोध. कपाळावर तळहात ठेवून डोकं पुढे दाबायचं आणि हाताने अडवायचं. डोकं जागचं हलता कामा नये. पाच सेकंद. तसंच दोन्ही बाजूंनी आणि मागून. ताकद निम्मीच लावायची. ताण देण्यासाठी उजवा हात मांडीखाली दाबून धरा, डाव्या हाताने डोकं हलकेच डाव्या खांद्याकडे झुकवा, वीस-तीस सेकंद थांबा, मग दुसरी बाजू. शेवटी खुर्चीच्या पाठीला टेकून, दोन्ही हात मानेमागे गुंफून, पाठीचा वरचा भाग मागे वाकवा. दिवसभर वाकून काम करणाऱ्यांना या एका हालचालीने फार मोकळं वाटतं.

थोडा ताण जाणवणं ठीक. कळ हातात खाली उतरू लागली, मुंग्या वाढल्या किंवा चक्कर आली तर तो व्यायाम थांबवून दाखवून घ्या. नस दबलेल्यांनी नसा सैल करण्याचे व्यायाम पुस्तकातून किंवा मोबाइलवरून उचलू नयेत, ते समोर बसून शिकायचे असतात.

वेळ नाही, ही सबब डेन्मार्कमधल्या एका प्रयोगाने बरीचशी निकालात काढली आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मान आणि खांदे वारंवार दुखणाऱ्या १९८ जणांना घेतलं होतं. एका गटाने रबराच्या पट्टीने खांद्याचा एकच व्यायाम रोज दोन मिनिटं, दुसऱ्याने बारा मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस, दहा आठवडे केला. दोन्ही गटांचं दुखणं लक्षणीय कमी झालं. दोन मिनिटं! चहाला उकळी येईपर्यंतचा वेळ. अट एवढीच, की दहा आठवडे न चुकता.

आपल्या भागातल्या कामांकडे वळू. ट्रॅक्टर चालवणारा माणूस नांगरट करताना सारखा मागे वळून पाहतो, बहुधा एकाच खांद्यावरून. बाजूला मोठे आरसे बसवून घेणं, मान एकटी न वळवता कमरेपासून वळणं, आणि तासाभराने उतरून खांदे फिरवणं, एवढ्यानेही फरक पडतो. शंकरनगर, श्रीपूर, सदाशिवनगरच्या बाजूला गाळप सुरू असतं तेव्हा नंबर लागेपर्यंत ड्रायव्हर स्टिअरिंगवर मान टाकून झोपतात. एक लहान उशी बरोबर ठेवा आणि शक्य तिथे खाली पाठ टेकून आडवे व्हा. घरी झोपताना उशी एकच, खांदा आणि कान यांमधली पोकळी भरेल एवढ्या उंचीची. पालथं झोपणं सोडा. दुचाकीवर फोन कान-खांद्यात धरून बोलणं तर मानेच्याच काय, जिवाच्याही मुळावर येतं.

ऊसतोड करणाऱ्या बायांबद्दल लिहिताना मला व्यायामाचे सल्ले अपुरे वाटतात. बीड, अहिल्यानगरकडून आलेल्या टोळ्यांतली बाई वाकून तोडलेला ऊस बांधते आणि तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढते, दिवसात कितीतरी वेळा. हनुवटी मागे घेतल्याने हे वजन कमी होत नाही. मोळी लहान बांधणं, उचलताना दुसऱ्याने हात देणं, जाड आणि रुंद चुंबळ वापरणं, फळी रुंद आणि न हलणारी असणं, खेपांमध्ये श्वास घ्यायला वेळ मिळणं, हेच तिचे खरे उपचार आहेत आणि ते मुकादमाच्या आणि कारखान्यांच्या हातात आहेत. कारखान्यांनी हंगामात फडावर एक फिजिओथेरपिस्ट पाठवला, तरी कितीतरी बायांची मान आणि कंबर वेळेत तपासली जाईल.

आषाढात तुकोबांची पालखी सराटीहून नीरेचं स्नान करून अकलूजला येते आणि माने विद्यालयाच्या पटांगणात गोल रिंगण होतं. डोक्यावर तुळस घेऊन चालणाऱ्या माउलींना एकच विनंती : महिनाभर आधी वर सांगितलेले व्यायाम सुरू करा, वाटेत तुळस आळीपाळीने घ्या आणि पाठीवरच्या पिशवीचे पट्टे दोन्ही खांद्यांवर ठेवा.

फिजिओथेरपिस्ट निवडताना पदवी विचारायला संकोचू नका. महाराष्ट्रात बीपीटीचा अभ्यासक्रम आजवर इंटर्नशिप धरून साडेचार वर्षांचा राहिला आहे आणि व्यवसाय करण्यासाठी राज्य परिषदेकडे नोंदणी लागते. मशीन लावायला शिकलेला मदतनीस आणि पदवीधर फिजिओथेरपिस्ट यांत फरक आहे. या शास्त्राचं शिक्षण देशात पहिल्यांदा सुरू झालं तेही आपल्याच राज्यात, मुंबईच्या केईएम रुग्णालयात, १९५३ साली, पोलिओने अधू झालेल्या मुलांना उभं करण्यासाठी. ज्या विद्येने लुळी पडलेली मुलं चालती केली, तिच्याकडून फक्त शेक घेऊन परतणं बरं नाही.

रोज येणं परवडत नसेल तर ते पहिल्याच दिवशी मोकळेपणाने सांगा. रोजगार बुडवून, दहा-वीस किलोमीटरवरून दहा दिवस येण्यापेक्षा आठवड्यातून एकदा येऊन नीट शिकून घेणं आणि रोज घरी करणं जास्त फळतं. व्यायाम करताना स्वतःच्या मोबाइलवर व्हिडिओ काढून घ्या, म्हणजे घरी चुकणार नाही. साध्या मानदुखीला दोन-तीन आठवड्यांत उतार पडायला लागतो. सहा आठवडे प्रामाणिकपणे करूनही फरक नसेल, तर पुन्हा डॉक्टरांना दाखवा आणि तपासण्या पुढे न्या.

घरातल्या बाईची मान दुखते तेव्हा बहुतेक वेळा ती बाम चोळून कामाला लागते. तिला दवाखान्यात नेऊन आणणं हे अर्धं काम झालं. सहा आठवडे पाण्याची घागर, पिठाचा डबा, वैरणीचा भारा घरातल्या इतरांनी उचलावा, आणि सकाळ-संध्याकाळची दहा मिनिटं तिला कुणी हाक मारू नये. एवढं घरातल्या प्रत्येकाने करावं, अशी कळकळीची विनंती आहे.